मदत हवी आहे: बाबांच्या शहीद मित्राच्या घरच्यांना कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे, जरीपटक्याचे. बाबा लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटमधून निवृत्त. डिसेंबर १९७१ मध्ये ते तिच्या १४ गार्ड्स या बटालियनसोबत गंगासागरच्या (आजच्या बांगलादेशातलं) लढाईत होते (लान्स नायक अल्बर्ट एक्का यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, तीच). तिथून परत न आलेल्या पोरांबद्दल ते आत्ता कुठे बोलायला लागलेत. त्यातला एक जण घरची पत्रं बाबांकडूनच लिहून घ्यायचा. त्याचा एक फोटो आहे. अंगातला स्वेटर बाबांचा, उसना घेतलेला. मागे पेन्सिलीनं नाव आणि गाव लिहिलंय, पण गाव पार पुसलंय.

हा फोटो आणि चार आठवणी त्याच्या घरी पोचाव्यात, एवढीच बाबांची इच्छा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात शहिदांची नावं कोरलेली आहेत, पण त्यावरून घर थोडंच सापडतं? गार्ड्समध्ये पोरं देशभरातली, त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं तरी कोणत्या जिल्ह्याच्या? गार्ड्सच्या कामठीच्या रेकॉर्ड ऑफिसात कुणी असा अर्ज केलाय का? पत्ता देणार नसतील तर नका देऊ म्हणावं. आमचं बंद पाकीट पुढे पाठवतील का?

आणि शहीद कुटुंबातल्या कुणी हे वाचत असेल तर स्पष्ट सांगा: इतक्या वर्षांनी अनोळखी माणसाचं पत्र आलेलं चालतं का? आधी फोन करावा की पत्रच बरं? शेवटच्या दिवसाबद्दल त्यांनी विचारल्याशिवाय लिहू नये, असं मला वाटतं. बाबांना ते पटत नाही.