खुनी 'सापडतो', 'सापडते' की 'सापडतं'? विनोदी खूनकथेवर मत लिहिताना लागणारे शब्द

शंका अशी. छोट्या गावात घडणारी विनोदी खूनकथा वाचून तिच्यावर मत लिहायचं आहे. शेवट फोडायचा नाही. 'कोझी मिस्टरी' (हलकीफुलकी, न बोचणारी खूनकथा), 'स्पॉयलर' (शेवट आधीच सांगून टाकणं), 'रेड हेरिंग' (वाचकाला भलत्याच दिशेला नेणारी गोष्ट) हे शब्द देवनागरीत तसेच ठेवावेत, की मराठीत सरळ बसणारे शब्द आहेत? 'खून' आणि 'हत्या', 'संशयी' आणि 'संशयित' यांतही गोंधळ होतो. 'रहस्याचा सोक्षमोक्ष लागला' असंही बरेच जण लिहितात, ते बरोबर आहे का?

---

शेवटापासून सुरू करतो. 'सोक्षमोक्ष' म्हणजे रेंगाळलेल्या प्रकरणाचा एकदाचा निकाल. भांडणाचा, व्यवहाराचा सोक्षमोक्ष लावतात. रहस्याचा 'उलगडा' होतो, त्याची 'उकल' होते. खुनाचा 'छडा' लागतो. 'बिंग फुटणं' आणि 'पितळ उघडं पडणं' हे माणसाच्या सोंगाबद्दल आहे. गावात प्रतिष्ठित म्हणून मिरवणाऱ्याचं पितळ उघडं पडतं, खुनाचं नाही. विनोदी खूनकथेत ही दोन्ही कामं वेगवेगळ्या पानांवर होत असतात. चार जणांची पितळं उघडी पडतात आणि त्यांतला एकही खुनी नसतो. म्हणून हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले, की कथानकच चुकीचं सांगितलं जातं.

संशयी, संशयित, संशयास्पद: ज्याच्या मनात संशय असतो तो संशयी. ज्याच्यावर संशय असतो तो संशयित. जी वागणूक, वस्तू किंवा घटना संशयाला जागा देते ती संशयास्पद. 'कादंबरीत सहा संशयी पात्रं आहेत' असं लिहिलं तर सहा शंकेखोर माणसं डोळ्यांसमोर येतात. पुढची पायरी 'आरोपी'. आरोप अधिकृतपणे ठेवला गेल्यावरच हा शब्द येतो. 'गुन्हेगार' तर दोष सिद्ध झाल्यावर. मत लिहिताना शेवटच्या प्रकरणाआधी 'संशयित'च्या पुढे जाऊ नये. एखाद्याला सहज 'आरोपी' म्हटलं, की वाचक त्याला मनातून बाद करतो, कारण लवकर पकडला जाणारा माणूस खरा खुनी नसतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

---

खून, हत्या, वध. 'खून' फारसीतून आला आहे, मूळ अर्थ रक्त. मराठीत तो गुन्ह्याचा शब्द झाला, आणि कायद्याच्या मराठीतही तोच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २९९ 'सदोष मनुष्यवध' आणि कलम ३०० 'खून' होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच कलमं अनुक्रमे १०० आणि १०१ झाली. 'हत्या' जोडशब्दांत (आत्महत्या, भ्रूणहत्या) आणि जिथे गांभीर्य हवं तिथे बसतो. 'वध'मध्ये मारणाऱ्याच्या बाजूने झुकाव असतो, राक्षसाचा वध होतो. विनोदी कथेला 'खून' हाच शब्द हवा. छोटा आणि रोजच्या बोलण्यातला, शिवाय 'खून पडला', 'खून पाडला', 'खून पचवला' अशी क्रियापदं त्याच्याबरोबर मोकळेपणाने येतात. 'हत्या पडली' असं कोणी म्हणत नाही.

आणि हो, 'खून' आणि 'खूण' जपून. एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी. 'खुनाच्या खुणा' या दोन शब्दांत दोन्ही येतात. सामान्यरूपात दोन्हींचा दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो: खुनाने, खुणेने. 'गूढ' मात्र तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, असल्यामुळे 'गूढाचा' असंच राहतं. 'गुढाचा' चुकीचं.

'खुनशी' म्हणजे खुनी नव्हे. मनात डूख धरणारा तो खुनशी. या प्रकारच्या कथांत गावातला सर्वांत खुनशी माणूस बहुधा निरपराध निघतो, त्यामुळे हा फरक कामाचा आहे.

---

शंका: 'क्लू'ला काय म्हणायचं? सुगावा, धागा, पुरावा, माग, खूण, सगळंच दिसतं.

हे पाच शब्द पाच वेगळ्या वजनांचे आहेत. 'सुगावा' नेहमी 'लागतो'. ती कुणकुण असते, मोजता येत नाही. 'तीन सुगावे मिळाले' कानाला खटकतं. मोजायचं असेल तर 'धागे' म्हणा: 'पहिल्या शंभर पानांत तीन धागे दिले आहेत'. 'माग' म्हणजे पुढे गेलेल्याची वाट, तो 'काढतात'. 'मागमूस' आणि 'थांगपत्ता' नकारातच शोभतात: मागमूस लागला नाही, थांगपत्ता नाही. 'पुरावा' कोर्टात टिकायला हवा. खिडकीखालची उमटलेली चप्पल ही खूण, ती कोणाची हे कळलं की धागा, आणि त्या वेळी तो माणूस तिथेच होता हे सिद्ध झालं की पुरावा. लेखकाने या तीन पायऱ्या नीट चढवल्या आहेत का, हे मत लिहिताना तपासावं. फसलेल्या कथेत बहुतेक वेळा मधली पायरी गाळलेली असते आणि शोध घेणारं पात्र खुणेवरून थेट नाव घेतं.

---

'रेड हेरिंग'साठी माझं मत ठामपणे 'चकवा' या शब्दाला. 'भूलथाप' चालणार नाही, कारण थाप म्हणजे खोटं. आणि खोटं सांगून फसवलं तर वाचक चिडतो. १९२९ साली इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी अशा कथांसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत सुरुवातीलाच यायला हवा आणि शोध घेणाऱ्याला सापडलेले धागे वाचकासमोर ठेवले गेले पाहिजेत, हे त्यांतलेच. म्हणजे वस्तू खरीच दाखवायची, तिचा अर्थ मात्र वाचकाला चुकीचा लावू द्यायचा. चकवा लागलेला माणूस खऱ्याच वाटेने चालतो आणि फिरून त्याच झाडाखाली येतो. अर्थ नेमका तोच. शिवाय क्रियापदं दोन्ही बाजूंनी मिळतात: लेखक चकवा लावतो, वाचकाला चकवा लागतो. 'हुलकावणी' जवळची आहे, पण ती क्षणाची असते. पन्नास पानं टिकतो तो चकवा.

'स्पॉयलर'साठी दोन शब्द आहेत आणि दोन्ही हवेत. शेवट सांगून टाकणं हा 'रहस्यभेद', त्याने वाचकाचं जे होतं तो 'रसभंग'. सूचना द्यायची तर 'पुढे रहस्यभेद आहे' असं लिहावं. 'पुढे रसभंग आहे' म्हटलं तर पुस्तकच कंटाळवाणं आहे असा अर्थ निघतो. बोलीत 'शेवट फोडू नका' पुरतं, जसा पेपर फुटतो तसा शेवट फुटतो.

---

शीर्षकातल्या प्रश्नाकडे कोणी वळलेलं दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त रहस्यं तिथेच फुटतात. मराठी क्रियापद लिंग दाखवतं. 'खुनी शेवटी सापडते' एवढं लिहिलं, की निम्मे संशयित गळाले. 'मारेकरी बेरकी होती' हेही तसंच. मत लिहिणारा नाव लपवतो आणि क्रियापदात सगळं सांगून मोकळा होतो.

उपाय असे. पहिला आणि सर्वांत सोपा: वाक्याचा कर्ता माणूस ठेवूच नये. 'खुनाचा छडा शेवटच्या प्रकरणात लागतो.' इथे क्रियापद छड्याच्या मागे जातं, खुन्याच्या नाही. दुसरा: भूतकाळातला कर्मणी प्रयोग. 'खून कोणी केला हे कळत नाही' यात 'केला' हे 'खून' या शब्दाशी जुळतं, करणाऱ्याचं लिंग कुठेच दिसत नाही. 'कोणी' ठेवा, 'एकाने' किंवा 'एकीने' नको. तिसरा: 'व्यक्ती'. 'खून करणारी व्यक्ती आधीच दोनदा समोर येऊन गेलेली असते.' व्यक्ती व्याकरणाने स्त्रीलिंगी आणि अर्थाने कोणीही. पण इथे एक घसरण आहे. दोन वाक्यांनंतर 'व्यक्ती' गळते आणि नुसतं 'ती' उरतं, मग वाचक बाईच समजतो. प्रत्येक वेळी 'व्यक्ती' लिहा किंवा वाक्य बदला.

अनेकवचनाने लपवू नये. 'मारेकरी सापडतात' याला कोणी आदरार्थी वाचत नाही, खुन्याला कोण आदर देणार? दोघांनी मिळून केलं असाच अर्थ घेतला जातो.

---

सरसकट पुल्लिंग वापरलं तर? 'खुनी सापडतो' हे सर्वसाधारण विधान म्हणून चालतं की.

सगळे संशयित पुरुष असतील किंवा मिश्र असतील तर चालतं. पण संशयितांत तीन बायका आणि एक पुरुष असेल, तर 'सापडतो' वाचून वाचक त्या एकावर बोट ठेवणार. खुनी खरोखर तोच असेल तर रहस्यभेद झाला, नसेल तर लेखकाने न लावलेला चकवा तुम्ही लावलात. 'चौघी संशयित' म्हटलं तर चारही बायका, 'चौघं' म्हटलं तर मिश्र. संख्याविशेषणसुद्धा बोलतं हे लक्षात ठेवावं.

नपुंसकलिंग मात्र मराठीची मोठी सोय आहे. साक्षीदार म्हणतो, 'अंधारात कोणीतरी पळालं.' अनोळखी माणसाला आपण सहज नपुंसकलिंगी करतो आणि ते कृत्रिम वाटत नाही. मूळ मराठीत लिहिणारा जाणता लेखक साक्षीच्या प्रसंगात हेच करतो. आणि एखादा साक्षीदार चुकून 'पळाली' म्हणून गेला, तर तो शब्दच धागा ठरतो. असा धागा मराठी कथेत किती सहज पेरता येतो! लिहिणाऱ्यांनी तो जास्त वापरावा असं फार वाटतं.

---

यालाच जोडून अनुवादाचा मुद्दा. अशा कादंबऱ्यांत अधूनमधून खुन्याच्याच तोंडून एखादं निनावी प्रकरण येतं. 'मी' कोण ते कळू द्यायचं नसतं. मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले' इथेच अडतं. न अडण्याचे मार्ग:

सकर्मक क्रियापद भूतकाळात घ्या. 'मी दार उघडलं', 'मी दिवा मालवला', 'मी वाट पाहिली'. क्रियापद कर्माशी जुळतं, 'मी' झाकला राहतो. 'मी आत गेलो' ऐवजी 'मी उंबरा ओलांडला'. भविष्यकाळ निर्धोक: 'मी जाईन'. 'मला आठवतं', 'मला भीती वाटली', 'मला थांबावं लागलं' हेही निर्धोक. जुन्या धाटणीचं 'मी रोज तिकडे जात असे' चालतं, 'जात होतो/होते' चालत नाही. साधा वर्तमानकाळ 'मी पाहतो/पाहते' तर लगेच फुटतो.

फसगत होते ती काही नेहमीच्या क्रियापदांत. पिणं, शिकणं, विसरणं, समजणं, बोलणं: यांना कर्म असलं तरी भूतकाळात ती कर्त्याशीच जुळतात. 'मी किल्ली विसरलो' किंवा 'विसरले' असंच होणार. तिथे 'माझ्याकडून किल्ली राहिली' करावं. 'मी पाणी प्यायले' ऐवजी 'मी पाणी घेतलं'. 'मी म्हणालो/म्हणाले' ऐवजी 'मी म्हटलं'. अनुवाद हातात घेतल्यावर त्या प्रकरणातली फक्त क्रियापदं अधोरेखित करत एक वाचन करावं. एकच 'म्हणाले' राहून गेलं तरी तीनशे पानांची मेहनत वाया जाते.

---

विनोदाच्या शब्दांबद्दल थोडं. 'हास्यास्पद कादंबरी' ही स्तुती नाही. हास्यास्पद म्हणजे हसं होण्याजोगं. 'विनोदी', 'खुसखुशीत', 'खुमासदार', 'मिश्किल' यांतून निवडावं, आणि हे चारही एक नाहीत. खुसखुशीत आणि खुमासदार भाषेबद्दल. मिश्किल म्हणजे सांगणाऱ्याच्या डोळ्यांतलं हसू, जे स्वतः हसत नाही. 'नर्मविनोद' यातला 'नर्म' हा 'नरम' नाही. संस्कृतात नर्म म्हणजे थट्टा, राजाचा थट्टेखोर सोबती तो नर्मसचिव. आज मात्र नर्मविनोद म्हणजे न बोचणारा विनोद, हा अर्थ रूढ आहे आणि 'कोझी' प्रकाराला तो छान लागतो. 'कोझी'साठी वेगळा शब्द घडवण्यापेक्षा 'नर्मविनोदी रहस्यकथा' म्हणावं. गूढकथा म्हणू नये. गूढकथेत गूढ उरलं तरी चालतं, रहस्यकथेत उलगडा झालाच पाहिजे.

प्रेताच्या शब्दांतही विनोद असतो. मुडदा, मढं, प्रेत, शव, मृतदेह, पार्थिव. शवाचं विच्छेदन होतं, कागदावर 'मयत' येतं, अंत्यदर्शनाला पार्थिव असतं. 'विहिरीत पार्थिव तरंगत होतं' असं पात्राच्या तोंडी असेल तर तो लेखकाचा विनोद, मत लिहिणाऱ्याच्या लेखणीतून आलं तर चूक.

---

शोध घेणाऱ्या पात्राला 'गुप्तहेर' म्हणू नये. निवृत्त शिक्षिका सगळ्यांदेखत चौकश्या करत फिरते, त्यात गुप्त काय? 'हौशी तपासनीस' बरं. यातला 'नीस' फारसीतल्या 'नवीस' म्हणजे लिहिणारा या शब्दावरून आला आहे, चिटणीस-फडणीसांसारखा, पण आता त्याची आठवण कोणाला होत नाही. स्वभाव सांगायचा तर 'भोचक' आणि 'चोंबडी' यांत फरक करावा: भोचक नको ते विचारते, चोंबडी नको तिथे सांगते. खुनाचा छडा भोचक माणूस लावतो, चोंबडा माणूस तो बिघडवतो. जातीचं नाव लावून रूढ झालेली एक 'चौकशी' आहे, ती लिहू नये. 'नसत्या चौकश्या' पुरेसं आहे.

'ग्रामीण कादंबरी' असंही म्हणू नये, तो मराठी साहित्यातला वेगळा प्रवाह आहे. 'छोट्या गावातली' एवढंच लिहावं. आणि गावातल्या बातमीचे शब्द क्रियापदासकट उचलावेत: अफवा पसरते, वावड्या उठतात, कंड्या पिकवतात, आवई उठते, कुजबुज चालते. कंडी मुद्दाम पिकवलेली असते, म्हणजे पिकवणारा कोणीतरी आहे. कुजबुजीत मात्र बऱ्याचदा खरं दडलेलं असतं. कादंबरीत खुनाच्या रात्रीबद्दल जे बोललं जातं ते यांतलं नेमकं काय, हे ओळखून शब्द निवडावा. नाहीतर 'कंड्या पिकल्या होत्या' असं लिहून तुम्ही एक खरा धागा आधीच खोटा ठरवलेला असतो.