मुरमांवर लस: गरज आहे का?

धागाकर्ता
सानोफी या फ्रेंच कंपनीने २०२४ मध्ये मुरमांवरील एमआरएनए लशीची (शरीराच्या पेशींनाच जंतूचे प्रथिन बनवायला सांगणारी लस) प्राथमिक टप्प्यातील चाचणी प्रौढांवर सुरू केली. माझा या खटाटोपाला विरोध आहे. ज्या क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस जिवाणूवर सगळा राग आहे, तो निरोगी चेहऱ्यावरही नांदतो आणि त्वचेतील तेलापासून मेदाम्ले बनवून अपायकारक जंतूंना थारा मिळू देत नाही. मुरूम येतो तो संप्रेरकांमुळे तेल वाढल्याने आणि रंध्राचे तोंड बुजल्याने. त्यावर लस काय करणार?

प्रतिसाद १
आपला आक्षेप जिवाणूलाच मारणाऱ्या लशीला लागू पडेल. परंतु सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की या जिवाणूच्या मुरमांशी निगडित प्रकारांमधील हायलुरोनिडेज हे विकर (एन्झाइम) त्वचेत ओलावा धरून ठेवणाऱ्या हायलुरोनिक आम्लाचे मोठे तुकडे करते आणि त्यांनी दाह भडकतो, तर निरोगी त्वचेवरील प्रकारांचे विकर त्याच आम्लाचा अगदी बारीक चुरा करते आणि दाह फारसा होत नाही. लशीचा नेम फक्त पहिल्या विकरावर धरला, तर आपला उपकारक जिवाणू शाबूत राहतो. सध्याचे उपाय तरी कुठे निर्धोक आहेत? डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक महिनोन्महिने घेतल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि आयसोट्रेटिनोईन ही मुरमांवरची गोळी गर्भाला घातक असल्याने तरुणींना ती जपूनच द्यावी लागते. माझ्या मुलीच्या निळ्या अभ्र्यावर बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांच्या मलमाने पडलेले पांढरे डाग मी दोन वर्षे पाहते आहे. गालांवरचे खड्डे त्याने थांबले नाहीत.

धागाकर्ता
मुलीचा त्रास मी हसण्यावारी नेत नाही. पण तो प्रयोग उंदरांवरचा होता, आणि उंदरांना माणसासारखे मुरूम येत नाहीत; त्यांच्या कातडीवर कृत्रिम तेल चोपडून तसा दाह घडवावा लागतो.

प्रतिसाद २
दोघांच्याही वादात आपले औषध दुकान राहून गेले. आपल्याकडे मुरमांवर चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे मलम हातात पडते, चार दिवस चेहरा उजळतो आणि ते बंद करताच लालबुंद होतो. तेव्हा अशा मलमांना पर्याय न देता लस नको म्हणणे सोपे आहे. मात्र ती कोणत्या वयात द्यायची, हे मला कळत नाही. मुरूम दिसण्याआधी द्यायची, तर ज्यांना ते पुढे कधी फारसे आलेच नसते अशा मुलांनाही टोचावी लागेल.

प्रतिसाद १
म्हणूनच चाचणी मुरूम असलेल्या प्रौढांवर आहे. आलेला दाह ओसरतो का, एवढेच आधी कळू द्या.