वर्गणी भरली, संशोधन खुलं झालं का?

कृष्णाकाठ
सरकारी संस्थांना संशोधनाची नियतकालिकं वाचता यावीत म्हणून केंद्रानेच सगळ्यांची वर्गणी एकत्र भरायची, अशा 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. सगळीकडे कौतुक चाललंय. माझा आक्षेप आहे, आणि तो खर्चावर नाही.

प्रयोगशाळा करदात्याच्या पैशावर चालते, संशोधकाचा पगारही त्यातूनच होतो. लेख तपासून देणारे प्राध्यापक ते काम बहुधा विनामोबदला करतात. आणि तोच लेख वाचायला आपण प्रकाशकाला पुन्हा पैसे मोजतो. मोजूनही तो मिळतो कुणाला? सरकारी संस्थेचं लॉगिन असेल त्याला. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीतच.

जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी २०१४ सालीच धोरण केलं होतं: आमच्या अनुदानावर झालेल्या कामाचा, प्रकाशकाने स्वीकारलेला अंतिम मसुदा खुल्या भांडारात, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येईल अशा ऑनलाइन संग्रहात ठेवा. विज्ञानात फार तर सहा महिने थांबा, सामाजिक शास्त्रांत बारा. धोरण चांगलं होतं. न पाळणाऱ्याचं काही अडत नाही, तिथे ते अडलं. मसुदा जमा केल्याशिवाय अनुदानाचा पुढचा हप्ता नाही, एवढा एक नियम सरकारने करावा.

ग्रंथालयवाली
तत्त्व मान्य, पण योजनेला नावं ठेवणं मला पटत नाही. मी तालुक्याच्या गावी सरकारी कॉलेजात आहे. आजवर आम्ही 'एन-लिस्ट'वर, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ई-नियतकालिकांच्या जुन्या योजनेत, जे मिळेल त्यात भागवायचो. अमेरिकन केमिकल सोसायटीचे अंक एमएस्सीच्या मुली आता स्वतःच्या मोबाइलवर वाचतात. आधी त्या मोठ्या शहरातल्या मैत्रिणींना पीडीएफ पाठवायला सांगत. योजनेचा लाभ १ कोटी ८० लाख लोकांना मिळणार असं सरकार सांगतं. वर्षाचे दोन हजार कोटी धरले तर माणशी अकराशे रुपये पडतात. एवढ्यात दुसरं काय देऊ शकला असता तुम्ही?

डाळिंबवाला, सांगोला
त्या १ कोटी ८० लाखांत मी नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे तेल्याने बागाच्या बागा गेल्या. या रोगावर सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात काम होतं, आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतःची नियतकालिकं खुली आहेत, तीही मी वाचतो. पण शास्त्रज्ञाचा लेख बाहेरच्या नियतकालिकात गेला की मला फक्त सारांश दिसतो, त्याखाली डॉलरमधली किंमत. कोणती फवारणी किती अंतराने केली, हे आतल्या तक्त्यात असतं. मला तेच हवं असतं. नमुने आमच्याच बागांतून नेलेले असतात.

प्रयोगशाळेतला
दादा, तुमचं दुखणं खरं आहे. पण 'खुलं करा' म्हटलं की पुढे काय होतं ते युरोपात बघा. २०१८ साली तिथे 'प्लॅन एस' आला: अनुदानावर झालेल्या कामाचा लेख प्रसिद्ध होताच सगळ्यांना मोफत वाचता यावा, अशी अनुदान देणाऱ्या संस्थांची अट. वाचणं मोफत झालं आणि बिल लेखकाकडे गेलं. 'नेचर'ने २०२० मध्ये एका लेखाचं खुलं-प्रकाशन शुल्क ९,५०० युरो जाहीर केलं. राज्य विद्यापीठातल्या माणसाने ते कुठून आणायचं? भारताने प्लॅन एसमध्ये जायचं म्हटलं आणि २०१९ मध्येच बेत सोडला, तो शहाणपणाचा निर्णय होता.

कृष्णाकाठ
लेखकाने पैसे भरावेत असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मसुदा भांडारात ठेवायला शुल्क लागत नाही. वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने १ जुलै २०२५ पासून हेच केलंय: स्वीकारलेला मसुदा पबमेड सेंट्रल या खुल्या भांडारात, लेख प्रसिद्ध होताच खुला. आपल्याकडेही उदाहरण आहे. यूजीसीने २००९ मध्ये पीएचडीचे प्रबंध जमा करणं बंधनकारक केलं, म्हणून 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात आज लाखो प्रबंध कुणालाही वाचता येतात.

प्रयोगशाळेतला
प्रबंधाचं सोडा, तिथे प्रकाशक मध्ये नसतो. लेखाचे हक्क माझी विद्यार्थिनी सही करून देते, कारण तिला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, मिळवायचीय. उद्या प्रकाशक म्हणाला, 'मसुदा खुला करणार असाल तर लेख घेत नाही', तर नुकसान तिचं. अमेरिकेला नकार देणं प्रकाशकाला परवडत नाही, आपल्याला देणं परवडेल.

कृष्णाकाठ
वर्षाला दोन हजार कोटी देणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार? हीच तर आपली ताकद आहे, आणि वर्गणी ठरवताना ती वापरायला हवी. अट अनुदानाच्या करारातच असली की तुमची विद्यार्थिनी एकटी पडत नाही, तिच्या मागे सरकार उभं राहतं.

वाचक_ठाणे
प्रकाशकांच्या परवानगीशिवाय लेख फुकट देणारं साय-हब हे संकेतस्थळही ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने भारतात बंद झालं. ते कायदेशीर नव्हतं, कबूल. पण संस्थेबाहेरच्या माणसाला दुसरी कोणती वाट दिली आपण?

ग्रंथालयवाली
कृष्णाकाठ, अट घालायची तर २०२७ संपायच्या आत घाला, नवा करार होईल तेव्हा. तिला माझा पाठिंबा आहे. वर्गणी थांबवून ते पैसे भांडारांना द्या अशी मागणी मात्र मी अलीकडे ऐकतेय, तिला माझा विरोध राहील. भांडार भरायला वर्षं लागतील, आणि आमच्या मुलींचे प्रबंध याच वर्षी जमा व्हायचे आहेत.