जॉर्जिया ओकीफ यांची ‘जॅक-इन-द-पुलपिट’ चित्रमालिका: शेवटच्या चित्राला वनस्पतिचित्र म्हणता येईल का?

शाईरेषा (प्रश्न)

नमस्कार. जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्तीने १९३० साली न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे ‘जॅक-इन-द-पुलपिट’ नावाच्या रानफुलावर सहा तैलचित्रांची मालिका रंगवली. त्यांतील पाच चित्रे त्यांच्या मृत्यूनंतर, मृत्युपत्रानुसार, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे आली. गॅलरीच्या संकेतस्थळावर ती मोठ्या आकारात पाहता येतात आणि सध्या मी ती क्रमाने निरखत आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या चित्रात हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांचे, वरून झाकण आल्यासारखे वळलेले संपूर्ण फूल आणि भोवतीची पाने स्पष्ट ओळखू येतात. चौथ्या चित्रात आपण त्या फुलाच्या आत शिरतो. पाचव्याच्या नावातच ‘अमूर्त’ हा शब्द आहे. सहाव्यात मात्र काळसर, राखाडी आणि जांभळ्या पार्श्वभूमीवर एक उभा गडद आकार आणि त्याच्या कडेने उजळलेले वलय, एवढेच उरते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शीर्षक झाकले तर हे शेवटचे चित्र एखाद्या वनस्पतीचे आहे असे कोणीही सांगू शकणार नाही. मग त्याला वनस्पतिचित्र कोणत्या अर्थाने म्हणायचे? आणि दुसरे असे की, ओकीफ यांच्या फुलांविषयी जे काही वाचायला मिळते त्यातील बराचसा मजकूर स्त्रीदेहाच्या आणि लैंगिकतेच्या सूचनांभोवतीच फिरतो. या वाचनाला चित्रातच आधार आहे, की ते बाहेरून आणलेले आहे? चित्रकलेचे किंवा वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या सदस्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

रंगलेपन

पहिल्या प्रश्नाकडे जाण्याआधी एक क्रम ध्यानात घेतला पाहिजे, कारण तो बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे. चित्रकार आधी हुबेहूब चित्रे काढतो आणि पुढे हळूहळू अमूर्ताकडे वळतो, असे आपण गृहीत धरतो. ओकीफ यांच्या बाबतीत स्वतंत्र म्हणता येईल असे पहिले काम अमूर्तच आहे. शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये पारंपरिक शिक्षण झाल्यावर १९१२ च्या उन्हाळ्यात त्यांना आर्थर वेस्ली डाऊ या कलाशिक्षकाच्या विचारांची ओळख झाली. निसर्गाची नक्कल करण्यापेक्षा दिलेली जागा रेषा, रंग आणि प्रकाश-अंधाराच्या तोलाने सुंदर रीतीने भरणे हे चित्रकाराचे मुख्य काम आहे, असे डाऊ मानत, आणि त्यांच्या या विचारामागे जपानी कलेचा अभ्यास होता. १९१५ मध्ये साउथ कॅरोलायनातील एका महाविद्यालयात शिकवत असताना ओकीफ यांनी केवळ कोळशाने काही अमूर्त रेखाटने केली. ती त्यांच्या मैत्रीण अनिता पॉलिट्झर यांनी १ जानेवारी १९१६ रोजी छायाचित्रकार (आणि पुढे ओकीफ यांचे पती) आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना दाखवली आणि त्याच वर्षी ती न्यूयॉर्कमधील त्यांच्या ‘२९१’ या कलादालनात लागली. प्रचंड आकाराची फुले आली ती त्यानंतर, १९२४ च्या सुमारास.

हे लक्षात घेतले तर १९३० ची मालिका ‘वास्तवाकडून अमूर्ताकडे’ अशा सरळ रेषेत बसवणे मला अपुरे वाटते. अमूर्त आकाराची भाषा त्यांच्या हाती आधीपासून होती. या मालिकेत त्या एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत आहेत: या फुलातील काय काय काढून टाकले तरी हे फूल शिल्लक राहते? म्हणून प्रत्येक चित्रात चौकट अधिक जवळ येते, पाने जातात, आकाश जाते, पट्टे जातात. स्टीग्लिट्झ आणि पॉल स्ट्रँड यांच्या छायाचित्रांत वस्तू अशाच जवळून, कडेला कापून घेतलेल्या दिसतात, आणि चौकटीचे ते भान ओकीफ यांनी रंगांत आणले.

आकाराचाही यात वाटा आहे. चौथे चित्र ४० इंच उंच आणि ३० इंच रुंद आहे, तर सहावे ३६ इंच उंच पण केवळ १८ इंच रुंद आहे. सहाव्या चित्राची ही अरुंद, उभी चौकट मला अत्यंत महत्त्वाची वाटते. आतील आकार उभा आणि सडपातळ असल्यामुळे कॅनव्हासही तसाच निवडला आहे, आणि त्या आकाराला बाजूला पसरायला जागाच ठेवलेली नाही.

सह्यरान

मी वनस्पतींच्या बाजूने लिहितो. हे फूल म्हणजे अरिसीमा ट्रायफायलम, सुरण आणि अळू यांच्याच कुळातील वनस्पती. आपल्याला ती वाटते तितकी परकी नाही, कारण याच प्रजातीतील (जीनसमधील) अरिसीमा मरायी, म्हणजे आपला सापकांदा, पावसाच्या पहिल्या सरींनंतर महाबळेश्वर, भीमाशंकर, आंबोली अशा ठिकाणी जमिनीतून वर येतो आणि नागाने फणा काढावा तसा त्याचा पांढरा, आत जांभळट झाक असलेला पडदा उभा राहतो. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना ओकीफ यांचे दुसरे चित्र पाहताच ओळख पटेल.

आपण ज्याला फूल म्हणतो तो पडदा शास्त्रीय भाषेत महाछद होय, आणि त्याच्या आत उभा असणारा दांडा म्हणजे स्थूलकणिश. खरी फुले अगदी बारीक असतात आणि ती स्थूलकणिशाच्या तळाशी, महाछदाच्या नळीत लपलेली असतात. सहाव्या चित्रातील गडद आकाराला काही ठिकाणी स्त्रीकेसर म्हटलेले आढळते. ते बरोबर नाही; तो स्थूलकणिशाचा वरचा, फुले नसलेला भाग आहे. म्हणजे ओकीफ यांनी जो भाग शेवटपर्यंत राखला त्यावर एकही फूल नाही, परंतु संपूर्ण रचना ज्याच्याभोवती गुंडाळलेली असते तो आस तोच आहे. अरिसीमाचे टिपण करताना विद्यार्थ्यालाही पडदा बाजूला करून हाच भाग पाहावा लागतो, कारण जाती ओळखताना त्याचा आकार उपयोगी पडतो. त्यामुळे शेवटचे चित्र वनस्पतीपासून दूर गेले आहे, हे मला पटत नाही. ते वनस्पतीच्या अधिक आत गेले आहे.

दुसऱ्या प्रश्नाशी संबंधित अशी एक वस्तुस्थिती येथे नोंदवतो. या वनस्पतीचे लिंग कायमचे ठरलेले नसते. कंदात साठलेले अन्न कमी असेल त्या वर्षी झाड नर फुले धरते, कंद पुरेसा पोसला की मादी फुले धरते, आणि फळे धरून थकलेले झाड पुढील वर्षी पुन्हा नर होऊ शकते. बुरशीवर वाढणारी चिलटे परागण करतात. नर फुलोऱ्याच्या तळाशी त्यांना बाहेर पडायला फट असते, मादी फुलोऱ्यात ती नसते. त्यामुळे या उभ्या आकाराकडे बोट दाखवून ‘हे पुरुषतत्त्व’ किंवा त्याला वेढणाऱ्या पडद्याकडे पाहून ‘हे स्त्रीतत्त्व’ असे म्हणणाऱ्याने निदान त्या झाडाचा कंद किती मोठा आहे याची चौकशी करायला हवी.

शाईरेषा

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. सापकांद्याचा धागा मला अजिबात ठाऊक नव्हता. ओकीफ यांना या वनस्पतीची ओळख केवळ लेक जॉर्जच्या रानात झाली, की त्याआधीही होती?

कृष्णकमळ

त्याआधीची होती. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चित्रग्रंथात त्यांनी स्वतः ही आठवण सांगितली आहे. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे शाळेत असताना चित्रकलेच्या एका शिक्षिकेने हेच फूल वर्गात हातात धरून त्याचे चमत्कारिक आकार आणि रंगांतील फरक मुलांना दाखवले होते. त्या शिक्षिका ओकीफ यांना फारशा आवडत नसत, तरीही वाढत्या, जिवंत वस्तूकडे इतक्या बारकाईने पाहण्याचा तो पहिला प्रसंग होता असे त्या नमूद करतात. लेक जॉर्जच्या भोवतालच्या रानात त्यांना ते फूल पुन्हा भेटले, तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या.

आता लैंगिक वाचनाविषयी. हे वाचन बाहेरून आले, आणि ते कसे आले याचा इतिहास उपलब्ध आहे. १९२१ मध्ये स्टीग्लिट्झ यांनी न्यूयॉर्कमध्ये आपल्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. त्यात ओकीफ यांची पुष्कळ छायाचित्रे होती आणि त्यांपैकी काही नग्न होती. दोन वर्षांनी ओकीफ यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले तेव्हा समीक्षकांच्या डोळ्यांसमोर ती छायाचित्रे होतीच. शिवाय फ्रॉइडच्या कल्पना त्या काळी न्यूयॉर्कच्या कलावर्तुळात सर्वांच्या तोंडी होत्या. स्टीग्लिट्झ यांनाही हे वाचन हवे होते आणि त्यांनी ते पसरू दिले. ओकीफ यांना त्याचा मनस्वी त्रास झाला. त्या ओळखता येण्याजोग्या विषयांकडे, म्हणजे फुलांकडे, फळांकडे आणि न्यूयॉर्कच्या इमारतींकडे अधिक वळल्या, त्यामागे हेही एक कारण होते असे अनेक अभ्यासक मानतात. परंतु फुले रंगवल्यावर लोकांनी तोच अर्थ फुलांनाही चिकटवला.

१९३९ च्या प्रदर्शनासाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी याला उत्तर दिले आहे. त्याचा आशय असा: फूल लहान असते म्हणून कोणी ते खरोखर पाहत नाही, कारण पाहायला वेळ लागतो, मी ते मोठे करून तुम्हाला पाहायला भाग पाडले, आणि तुम्ही मात्र स्वतःच्या मनातील फुलांविषयीचे सारे संदर्भ माझ्या फुलावर लादून मलाही तेच दिसते असे गृहीत धरलेत. पुढे १९७० च्या दशकात स्त्रीवादी चित्रकर्तींनी त्यांना आपली पूर्वसूरी मानले, त्या सन्मानामागेही बव्हंशी देहाचेच वाचन होते. ओकीफ यांनी तेही स्वीकारले नाही.

कलाकाराने नाकारले म्हणून एखादा अर्थ आपोआप खोटा ठरत नाही, हे मला मान्य आहे. परंतु एखाद्या स्त्रीने पन्नास वर्षे सातत्याने ‘मी हे म्हणत नाही’ असे सांगावे, आणि तरी प्रत्येक लेखाची सुरुवात त्याच मुद्द्याने व्हावी, हे मला समीक्षेपेक्षा दुर्लक्षाचे लक्षण वाटते. त्या वाचनामुळे चित्राची अरुंद चौकट, कडेचा उजेड आणि जांभळ्याचा काळ्याकडे जाणारा उतार कोणी पाहतच नाही.

जवसतेल

तो उतार तैलरंगाशिवाय साधला नसता, म्हणून माध्यमाविषयी थोडे लिहितो. तैलरंगातील तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सावकाश घट्ट होते, आणि त्यामुळे दोन रंगांची सीमा बराच वेळ ओली राहते. ओकीफ रंगाचा थर पातळ ठेवत, मऊ कुंचल्याने सीमा एकमेकींत विरवत आणि कुंचल्याची खूण पृष्ठभागावर शक्यतो राहू देत नसत. प्रत्येक रंगासाठी वेगळा कुंचला वापरण्याचा त्यांचा काटेकोरपणा प्रसिद्ध आहे, आणि काळ्याशेजारी पांढरे वलय रंगवताना तो का आवश्यक आहे हे ज्याने एकदा तरी तसा प्रयत्न केला आहे त्याला सांगायला नको.

हा गुळगुळीतपणा कालांतराने धोक्यातही आला. त्यांच्या अनेक चित्रांवर सूक्ष्म पुळ्या उमटल्या असून, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील वाळूचे कण रंगात अडकले असावेत असे एके काळी मानले जाई. प्रत्यक्षात रंगातील शिशासारख्या धातूंचे अंश तेलातील मेदाम्लांशी संयोग पावून साबणासारखे पदार्थ तयार होतात आणि ते आतून वर येऊन पृष्ठभाग फोडतात. सांता फे येथील जॉर्जिया ओकीफ संग्रहालय आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधक या पुळ्यांची वाढ मोजण्याच्या पद्धतींवर काम करत आले आहेत.

रंगलेपन

सह्यरान यांच्या प्रतिसादाने माझ्या माहितीत मोलाची भर पडली, तरी एका मुद्द्यावर मला मतभेद नोंदवावासा वाटतो. शेवटचे चित्र वनस्पतीच्या अधिक आत गेले आहे हे मान्य केले, तरी त्या आकाराभोवतीचे वलय कोणत्याही स्थूलकणिशावर सापडणार नाही. चौथ्या चित्रात तोच उजेड ज्योतीसारखा दिसतो, आणि तेथे तो महाछदाच्या आतल्या भिंतीवर पडलेला प्रकाश आहे असे म्हणण्यास जागा आहे. सहाव्यात भिंतच उरलेली नाही, तरी उजेड राहिला आहे. ही भर वनस्पतीने नव्हे, चित्रकर्तीने घातली आहे.

सह्यरान

वलयाविषयी आपले म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्याला एक पुरवणी जोडतो. सापकांद्याचा महाछद पातळ असतो आणि उन्हाच्या दिशेला धरून त्यात वरून डोकावले असता मागून येणारा प्रकाश पडद्यातून झिरपतो, तेव्हा मधला दांडा काळा पडतो आणि त्याच्या दोन्ही कडा उजळतात. अमेरिकेतील जातीचा पडदा अधिक गडद असला तरी पट्ट्यांमधील फिकट भागातून असा उजेड येणे शक्य आहे. जूनमध्ये महाबळेश्वरच्या बाजूला जाणाऱ्या सदस्यांनी सकाळच्या तिरप्या उन्हात, रोपाला हात न लावता, हे पाहून येथे छायाचित्र द्यावे. कंदात सुरणासारखेच खाज आणणारे स्फटिक असतात, त्यामुळे तो उकरण्याचा मोह कोणी करू नये.