अनुभव धागा: जुन्या वाणांचे टोमॅटो तुम्ही कुठे चाखलेत?

माळावरची

गेल्या आठवड्यात इथल्या शेतकरी बाजारात एका टोपलीत चपटे, खोल वळ्यांचे, देठापाशी हिरवट राहिलेले टोमॅटो दिसले आणि डेकोराच्या बीजशेतावर घालवलेला दिवस आठवला. आम्ही तेव्हा अमेरिकेत, मिनेसोटातील रॉचेस्टरला राहत होतो. तिथून दक्षिणेला, मका आणि सोयाबीनच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याने, आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात डेकोरा हे जुन्या नॉर्वेजियन वस्तीचे गाव लागते. गावाबाहेर सीड सेव्हर्स एक्स्चेंज या संस्थेचे ८९० एकरांचे शेत आहे. उन्हाळा सरताना, सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या अमेरिकी कामगार दिनाच्या सुट्टीच्या सुमारास, तिथे जुन्या वाणांचे टोमॅटो चाखायला लोकांना बोलावत असत.

तंबूखाली लांबलचक टेबले मांडलेली होती. प्रत्येक ताटात एकाच वाणाच्या फोडी, पुढे नावाची पाटी आणि शेजारी टोचून घ्यायला काड्या. चाळीसच्या आसपास वाण असावेत. पिवळे, केशरी, जांभळट तपकिरी, हिरव्यावर पिवळसर पट्टे असलेले आणि बोराएवढेसुद्धा. ‘ब्लॅक क्रिम’ या क्रिमियाकडच्या वाणाची चव किंचित खारट लागली. त्यावर मीठ भुरभुरलेले नाही ना, याची मी तिथल्या मुलीकडे चौकशी केली. ‘चेरोकी पर्पल’ गोड होता आणि त्याला मागून धुराचा हलका वास होता. सर्वांत जास्त वेळ मी ‘आंट रूबीज जर्मन ग्रीन’पाशी थांबले. हा टोमॅटो पिकल्यावरही हिरवाच राहतो. फोडीचा गर पोपटी होता, बियांभोवतीचा बुळबुळीत भाग जवळजवळ पारदर्शक होता आणि सालीच्या तळाशी गुलाबी झाक होती. तो पिकला की नाही हे रंगावरून कळत नाही, बोटाने हलके दाबून पाहावे लागते. दिसायला कच्चा, पण जिभेवर ठेवताच आधी गोड आणि मग आंबट!

पाटीवर नावासोबत त्या बियाण्याचा प्रवासही लिहिलेला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. ‘चेरोकी पर्पल’चे बी १९९० मध्ये टेनेसीतील एका गृहस्थांनी क्रेग लहूलिए या हौशी बागायतदाराला पाकिटातून पाठवले होते. सोबतच्या पत्रात एवढेच होते की शेजारच्या कुटुंबाला हे वाण शंभरेक वर्षांपूर्वी चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांकडून मिळाले होते. नाव लहूलिए यांनी ठेवले. संस्थेची सुरुवातही अशाच पाकिटातून झाली. डायॅन ऑट व्हीली यांना त्यांच्या आजोबांनी ‘जर्मन पिंक’ टोमॅटोचे आणि जांभळ्या फुलांच्या एका वेलाचे बी दिले. आजोबांच्या आईवडिलांनी एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील बव्हेरियाहून येताना ते सोबत आणले होते. हे बी आपल्यापाशीच संपू नये म्हणून डायॅन आणि त्यांचे पती केंट यांनी १९७५ मध्ये बियाणे अदलाबदलीचा उपक्रम सुरू केला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वाणांचे बी राखलेले आहे. ‘जर्मन पिंक’ची फोड खाताना आपण एका घरातला ठेवा खात आहोत, ही जाणीव मला सोडत नव्हती.

तुम्ही असा टोमॅटो कुठे चाखलात? परदेशातला असो, परसातला असो किंवा आजोळचा, जरूर लिहा.

शेतबांध

ताई, वर्णन वाचून आनंद झाला. मी जुन्नर तालुक्यातला टोमॅटो उत्पादक आहे आणि आमचा माल नारायणगावच्या बाजारात जातो. बाजारासाठी आम्ही संकरित वाणच लावतो आणि त्यामागे ठोस कारणे आहेत. वीस किलोच्या क्रेटमध्ये भरलेला टोमॅटो ट्रकमध्ये एकावर एक रचून दोन-तीन दिवसांचा प्रवास करतो. पातळ सालीचे फळ तिथे तग धरत नाही. शिवाय बोकड्या, करपा हे रोग आणि नागअळीसारखी कीड यांच्याशी झुंजताना रोगाला दाद न देणारे वाण हाताशी असणे हा आमच्या पोटाचा प्रश्न असतो. २०२० च्या उन्हाळ्यात फळांवर पिवळे-हिरवे पट्टे येऊ लागले, त्याला शेतकऱ्यांनी ‘तिरंगा’ म्हटले आणि पाहता पाहता उभे प्लॉट उपटून टाकावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. तार, बांबू, मल्चिंग, ठिबक, औषधे एवढा खर्च अंगावर असताना मनुष्य चवीपेक्षा आधी टिकाऊपणा पाहतो आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

मात्र आमच्या घरात खायला वेगळा टोमॅटो असतो. विहिरीच्या कडेला, जिथे पाणी सांडते तिथे, आई गावठी टोमॅटोची झाडे राखत आली आहे. फळ लहान, चपटे आणि घड्या पडलेले. एका वेळी थोडीच फळे मिळतात आणि तोडल्यावर दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. त्याचे सार केले तर चिंच किंवा आमसूल घालावे लागत नाही. आई तारेचा आधारही देत नाही, झाडे जमिनीवरच पसरतात. दरवर्षी पहिल्या बहरातले सर्वांत चांगले फळ ती बियाण्यासाठी ठेवते आणि त्याला घरात कोणी हात लावत नाही.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे त्याला भेदरं म्हणतात. हिवाळ्यात चुलीच्या आरावर भाजलेली भेदरं, हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर पाट्यावर रगडून केलेली चटणी ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खाल्ली की दुसरे काही नको असते. बाजारातल्या टणक टोमॅटोची हीच चटणी केली तर पाणी वेगळे आणि गर वेगळा होतो. शेतबांध दादा, आपल्या आईंना नमस्कार सांगावा.

नदीकाठ

मी व्हर्जिनियात राहते आणि आमचा अनुभव मॉन्टिसेलोचा आहे. अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या या टेकडीवरच्या घराच्या उतारावर हजार फूट लांबीची भाजीबाग आहे. बागेच्या नोंदवहीत १८०९ पासून टोमॅटोच्या लागवडीची नोंद सापडते. तिथे सप्टेंबरमध्ये भरलेल्या जुन्या वाणांच्या उत्सवात आम्ही टोमॅटो चाखले. टेबलांमागे उभी असलेली माणसे नुसती फोडी वाटत नव्हती, प्रत्येकजण आपापल्या वाणाची बाजू मांडत होता.

मला भावला तो ‘मॉर्टगेज लिफ्टर’. वेस्ट व्हर्जिनियातील लोगन गावात रेडिएटर दुरुस्त करणारे एम. सी. बाइल्स नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मोठ्या फळांच्या वाणांचा आपल्या अंगणात वर्षानुवर्षे संकर आणि निवड करून हा टोमॅटो तयार केला. त्याची रोपे एकेक डॉलरला विकून त्यांनी सहा वर्षांत घरावरचे सहा हजार डॉलरचे कर्ज फेडले, असे सांगतात. फळ दोन्ही हातांत धरावे लागेल एवढे, गर भरगच्च आणि बिया अगदी कमी. माझे सासरे त्या वेळी भारतातून आले होते. त्यांनी साताऱ्याकडे आयुष्यभर शेती केली. ते त्या टेबलापाशी बराच वेळ थांबले आणि ‘ह्याचे झाड किती उंच जाते, पाणी किती लागते’ असे मला विचारून घेत राहिले. मी दुभाषी झाले होते. इंग्रजी न येणारे माझे सासरे आणि तिथला बागायतदार यांची त्या दिवशी जी गट्टी जमली, ती पाहून मला फार बरे वाटले.

पानमळा

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून देठापाशी हिरवट राहिलेल्या खांद्यांविषयी थोडे लिहितो. फळ कच्चे असताना खांद्याकडचा तो गडद हिरवा भाग स्वतः प्रकाशसंश्लेषण करतो आणि फळातल्या साखरेत भर घालतो. विसाव्या शतकात पैदासकारांनी सगळीकडून सारखी पिकणारी फळे निवडत नेली, कारण तोडणीची वेळ ठरवणे त्यामुळे सोपे होते आणि पेटीत माल देखणा दिसतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले की या एकसारख्या पिकण्यामागे एका जनुकातला बिघाड आहे आणि तेच जनुक फळातली हरितद्रव्याची यंत्रणा वाढवत असते. तो बिघाड निवडताना साखर आणि रंगद्रव्येही काही प्रमाणात गमावली गेली, हे तोवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

अर्थात सगळा दोष वाणाचा नाही. हिरवट असतानाच तोडणे आणि नंतर थंडीत ठेवणे यानेही चव जाते. साधारण बारा अंश सेल्सिअसच्या खाली टोमॅटोतली सुगंधी द्रव्ये तयार होणे मंदावते. घरी आणलेले पिकते टोमॅटो फ्रीजमध्ये न ठेवता टोपलीत, देठाकडची बाजू खाली करून ठेवून पाहा.

सुगरण

हे माहीत नव्हते. आताच फ्रीजमधले टोमॅटो बाहेर काढून ठेवले आहेत. उद्या कोशिंबीर करून चवीतला फरक कळवते.

पानमळा

सुगरण ताई, जे आधीच बरेच दिवस थंडीत राहिले आहेत त्यांचा गेलेला सुगंध पुरता परत येत नाही. नवे आणाल ते बाहेर ठेवा.

कोवळे ऊन

आम्ही इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. इथे गार्डन ऑर्गॅनिक या संस्थेचे जुन्या वाणांचे बीजग्रंथालय आहे आणि मी त्याची सभासद आहे. ज्या वाणांची अधिकृत यादीत नोंद नाही, त्यांचे बी इथल्या कायद्यानुसार विकता येत नव्हते. नोंदणीचा खर्च परसातल्या वाणासाठी कोण करणार? म्हणून ते बी विकायचे नाही, सभासदांना द्यायचे, असा मार्ग संस्थेने काढला. हिवाळ्यात सूची येते आणि आपण त्यातून मोजके वाण निवडतो. ती सूची आमच्या घरी सगळे मिळून वाचतात आणि मुले नावांवरून भांडतात.

इथल्या उन्हाळ्यात टोमॅटो बाहेर नीट पिकत नाही, काचघर लागते. तरीही ऑगस्टच्या अखेरीस आम्ही इथल्या मराठी मित्रमंडळींना बोलावून आपल्या घरचे टोमॅटो चाखायला देतो. गेल्या वेळी एका काकूंनी पिवळ्या टोमॅटोचे भरीत केले होते. एकीने तिथेच ठरवले की पुढच्या वर्षी आपणही सभासद व्हायचे. माझा अनुभव असा आहे की जुने वाण जपा असे कितीही सांगितले तरी माणसे माना डोलावतात आणि निघून जातात, पण एक फोड खाल्ली की तीच माणसे बी मागतात.

डोंगरवाट

टोमॅटोचा नाही, पण याच जातीचा अनुभव लिहितो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांची बियाणे बँक पाहायला आम्ही संगमनेरहून गेलो होतो. बायफ संस्थेच्या साथीने त्यांनी उभे केलेले हे काम आणि २०२० मध्ये जाहीर झालेली पद्मश्री सर्वांना ठाऊक आहे. प्रत्यक्ष गेल्यावर डोळ्यांत भरते ते वालाचे वैविध्य. पांढरे, तांबूस, काळे, ठिपक्यांचे, कडेला रेघ असलेले दाणे शेजारी शेजारी पाहिले, तेव्हा आपण बाजारात ‘वाल’ म्हणून एकच पिशवी उचलतो याची खंत वाटली. कोणता वाल आमटीला आणि कोणता कोवळ्या शेंगांच्या भाजीला, ही माहिती तिथे दाण्यासोबतच मिळते. डेकोराच्या पाट्यांवर जे लिहिलेले होते, ते इथे बायकांच्या तोंडी आहे. असे वाण थेट शिजवून चाखायला मिळण्याची सोय आपल्याकडेही व्हावी, असे मला मनापासून वाटते.

सुगरण

माळावरची ताई, तुम्ही पुढच्या वेळी भारतात याल तेव्हा त्या हिरव्या टोमॅटोचे थोडे बी पाकिटातून आणू शकाल का? आमच्या गच्चीवर ऊन भरपूर आहे.

माळावरची

सुगरण ताई, आपल्यासाठी आणायला मला आवडले असते, परंतु बियाणे असे सामानातून आणता येत नाही. भारतात त्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते आणि तो नियम योग्यच आहे. फळांवर तपकिरी सुरकुत्या आणणारा टोमॅटोचा एक विषाणू गेल्या काही वर्षांत अनेक देशांत पसरला आहे आणि तो बियाण्यावाटेही जातो. शेतबांध दादांसारख्यांच्या शिवारात माझ्या पाकिटातून रोग जावा, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

शेतबांध

ताई, आपण हे लिहिलेत याबद्दल आभार. सुगरण ताई, गच्चीसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री किंवा भाग्यश्री हे वाण लावून पाहा. ते सरळ वाण आहेत, त्यामुळे त्यांचे बी धरता येते. संकरित टोमॅटोचे बी धरले तर पुढच्या पिढीत फळे एकसारखी येत नाहीत. गावठीचे बी हवे असेल तर आईने राखलेले देऊ. आपल्या कायद्याने शेतकऱ्याला घरचे बी राखण्याची, वाटण्याची आणि बिनछापाचे विकण्याचीही मुभा आहे.

बी धरण्याची आईची रीत लिहून ठेवतो. निरोगी झाडावरचे, झाडावरच पूर्ण पिकलेले फळ घ्यावे. आडवे कापून बिया रसासकट काचेच्या भांड्यात पिळाव्यात, थोडे पाणी घालावे आणि फडके बांधून दोन-तीन दिवस सावलीत ठेवावे. वर पांढरट साय धरते आणि आंबूस वास येतो. त्या आंबण्यानेच बियांभोवतीची बुळबुळीत पिशवी सुटते, जी उगवण रोखून धरते. मग भरपूर पाण्यात धुवावे. पोचट बिया तरंगतात त्या ओतून द्याव्यात, तळाशी बसतात त्या ठेवाव्यात. कागदावर वाळवू नयेत, चिकटून बसतात. चिनी मातीच्या बशीत सावलीत पसराव्यात आणि दिवसातून एक-दोनदा हलवाव्यात. पूर्ण वाळल्यावर डबीत भरून वर वाणाचे नाव आणि वर्ष लिहावे. कोरड्या, थंड जागी असे बी चार-पाच वर्षे चांगले उगवते.

सुगरण

दादा, गावठीचेच बी द्या. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते आणि टपालखर्च माझ्याकडे राहील. रोपे पावसाळ्यात करू की थोडी थंडी पडल्यावर?

शेतबांध

गच्चीवर पावसाळ्यात करप्याचा त्रास होतो. ऑगस्टच्या अखेरीस ट्रेमध्ये बी टाका आणि महिनाभराने रोपे कुंडीत लावा. कुंडी निदान बादलीएवढी खोल असावी आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घालावे.