खाटा वाढवल्या तरी रांग का राहते

पालिका रुग्णालयांत खाटा आणि डॉक्टर वाढवले की गर्दी कमी होईल, असं वर एका प्रतिसादात म्हटलंय. मला नाही पटत. गेल्या वर्षी आईसाठी मी पहाटेपासून एका मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभी होते. पुढच्या मावशींना फक्त रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या. घराजवळच्या दवाखान्यात त्या संपलेल्या, म्हणून मानखुर्दहून दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

हे कागदावर बाण काढून मांडून बघा. दवाखान्यात गोळ्या नाहीत, म्हणून मोठं रुग्णालय. तिथे गर्दी, म्हणून डॉक्टरांकडे दोनच मिनिटं. कुणी समजावत नाही, गोळ्या मध्येच सुटतात. मग तेच माणूस पक्षाघात होऊन दाखल होतं, खाट अडते, आणि बाण फिरून पुन्हा रांगेपाशी येतो. नुसत्या खाटा वाढवून हे चक्र कुठे तुटतं?

ब्रिटनमध्ये २००७ साली सरकारने लठ्ठपणाच्या कारणांचा असाच बाणांचा नकाशा करून घेतला, त्यात १०८ घटक होते. खाणं आणि व्यायाम तर होतेच, पण खाद्यउद्योग आणि कामाच्या पद्धतीही होत्या. आपल्याकडे असं करायचं तर आरोग्यसेविका आणि दवाखान्यातले फार्मासिस्ट आधी बोलवा. महिन्याच्या कुठल्या आठवड्यात गोळ्या संपतात, हे त्यांना तोंडपाठ असतं.