जर्मनीतून नागपूरच्या महाल भागातल्या लँडलाइनवर फोन कसा लावायचा?

महालकर काका
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आम्ही दोघं लेकीकडे स्टुटगार्टला चाललो, दिवाळी तिकडंच. आई घरीच राहणार. बहीण येऊन राहील, पण दिवसा तिची शाळा.

आईजवळ फक्त लँडलाइन. मोबाइल घेऊन दिला होता, तो तिनं खराब होईल म्हणून पितळी डब्यात ठेवून दिला! एका हातानं रिसीव्हर, दुसऱ्यानं वायर धरून मोठ्यानं "हां, बोल" म्हणते, तेव्हाच तिला बोलल्यासारखं वाटते. व्हिडिओ कॉल केला तर पदर सावरण्यातच वेळ जाते.

जावई म्हणतात, स्काइपमध्ये पैसे भरले की लँडलाइनला फोन लागते. खरं काय? रोज थोडं तरी बोलणं व्हायला पाहिजे. अन् नंबर ०७१२ सकट फिरवायचा का?

धरमपेठवाला, सध्या दुबई
काका, जावईबापूंची माहिती जुनी झाली. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. व्हायबर आउटसारखी ॲपं आहेत, पैसे भरून लँडलाइनवर लागतात.

०७१२ मधलं पहिलं शून्य गाळायचं. +९१, मग ७१२, मग घरचा नंबर. अधिकचं चिन्ह येत नसेल तर मोबाइलवर शून्य दाबून धरा. लेकीच्या घरच्या साध्या फोनवरून लावाल तर अधिकच्या जागी ००. (अमेरिकेत असते तर ०११.)

बाकी तुमचं बरं आहे, तिकडं व्हॉट्सॲप कॉल तरी लागतो. इथं मेसेज जातो, कॉल लागत नाही. माझ्या आईला बोटिम हे कॉलचं ॲप शिकवता शिकवता नाकी नऊ आले.

वैदर्भीय सून
काका, मी जर्मनीतच असते. ॲपच्या भानगडीत पडू नका, तिथलं प्रीपेड सिम घ्या. लेबारासारख्या कंपन्यांच्या पॅकमध्ये भारतात बोलायची मिनिटं असतात. मात्र ती लँडलाइनलाही लागू आहेत का, हे दुकानातच विचारून घ्या. सिम सुरू करायला पासपोर्ट दाखवावा लागतो.

नागपूरचं सिम काढू नका, दुसऱ्या स्लॉटमध्ये राहू द्या. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघायच्या आधी त्यावर इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या, डेटा रोमिंग मात्र बंद. अन् त्यावर कुणाचा फोन आला तर उचलू नका. पॅक नसेल तर उचलायचेही पैसे पडतात, तेही मिनिटाला. बँकेचा १८०० वाला नंबर बाहेरून बहुतेक लागत नाही. कार्डामागचा +९१ वाला लिहून ठेवा.

आईंशी वेळ ठरवाल तर एक लक्षात असू द्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इकडची घड्याळं तासभर मागं जातात. नागपुरात संध्याकाळचे सात म्हणजे आधी इथं दुपारचे साडेतीन, नंतर अडीच. आईंना काही सांगू नका, तुम्हीच तासभर आधी लावा.

महालकर काका
सातच बरोबर आहे, आठला तिची मालिका लागते. मधात फोन केला तर माझ्याशीही बोलत नाही ती. सिमचं लेकीला सांगून ठेवतो. धन्यवाद ताई, धन्यवाद दुबईकर.

धरमपेठवाला, सध्या दुबई
काका, लँडलाइनचं बिल तेवढं भरून जा बाप्पा.